कालवणाचा वाटा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. साडेसहाला उठले. हवा कोरडी. नऊ ते अकरा वीज नव्हती. गोजराला घेऊन डॉक्टरांकडे गेले. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढून आज बारा दिवस झाले, जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे वाट बघू. साखर उतरली आणि जखम भरू लागली तर पाय राहील, नाहीतर घोट्याच्या वरून काढावा लागेल. खाण्याचा तक्ता दिला, मी तिला वाचून दाखवला. उद्यापासून ती काय खाते ते रोज लिहीन. दुपारी वरण-भात, तळलेली मांदेली. मांदेली सकाळी गोजराच्या सुनेने आणून दिली होती.

बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर सुलूताई सावे राहतात. वय एकोणऐंशी. माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात सदुसष्ट वर्षांच्या वह्या आहेत. सुलूताई चिंचणीच्या बागायतदाराची मुलगी. वडिलांनी हौसेने मुंबईच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगला ठेवलं, तिथे बाराव्या वर्षी वही हातात आली. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरचा एक दंडक होता: वाटलेलं देवाला सांगायचं, घडलेलं वहीत लिहायचं. सुलूताईंनी पुढे देवाला फारसं काही सांगितलं नाही, पण वही चुकवली नाही. लग्नाच्या दिवशी नाही, आणि चौदा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वामनराव गेले त्या दिवशीही नाही. कोण आलं, काय शिजलं, काय बिघडलं, काय दुरुस्त झालं. एवढंच.

गोजराबाई या वह्यांत आली १९८१ च्या फेब्रुवारीत. ‘नवापूरची नवी मासेवाली. सतराची असेल. नुसती काडी. चालत येते.’ नवापूरपासून बोईसर म्हणजे सात-आठ किलोमीटर. डोक्यावर पाटी, पाय अनवाणी, पाटीतून गळणारं पाणी मानेवरून पाठीत. उजाडता उजाडता ती दारात हजर असायची. त्या किनाऱ्याच्या मांगेली, म्हणजे मासेमार बायका कोणाला अहो-जाहो करत नाहीत. हीसुद्धा पहिल्या दिवसापासून सुलूताईंना ‘अगं बाय’ म्हणायची. सुलूताईंनी बोटाने मासा दाबून पाहिला तेव्हा ती फटकन म्हणाली, “घे नाय तर नको घेव, पन दाबू नको. नवरा हाय का तुजा, जिता हाय का मेला ते बगायला?”

वामनराव आत पेपर वाचत होते. ते इतके हसले की ठसका लागला. त्या दिवसापासून दार बदललं नाही.

गोजराचा नवरा जिवल्या बोटीवर खलाशी होता. एकदा, १९८६ साली, सुलूताई तिला घेऊन डहाणूला कोणाच्या तरी लग्नाला निघाल्या होत्या, तेव्हा स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर दोघी चढल्या. गोजराचं तिकीट निघालं: अडतीस किलो. मागे छापलं होतं, ‘लवकरच भाग्योदय होईल.’ पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव भाग्येश ठेवलं ते त्या तिकिटावरून, असं ती जगभर सांगत फिरायची.

तिनेच एकदा जिन्यात बसून, पाण्याचा तांब्या रिकामा करत, सुलूताईंना कालवणाच्या वाट्याची रीत सांगितली होती. बोट किनाऱ्याला लागली की माल मोजायच्या आधी, बोली लागायच्या आधी, प्रत्येक खलाशाच्या घरासाठी थोडी मासळी बाजूला निघते. मूठभर मांदेली, दोन-चार बोंबील, थोडी करंदी म्हणजे बारीक कोलंबी, नशीब असलं तर एखादी चिंबोरी. तो कालवणाचा वाटा. बोटीचा मालक असो की व्यापारी, त्याला कोणी हात लावत नाही. आणि तो विकायचा नाही.

“विकला तर?” सुलूताईंनी विचारलं होतं.

“चुलीतला इस्तव कोन विकतं का गो? वाटा विकला तर दर्या रागावतो. मंग बोट रिकामी येते, आनि सगला गाव इचारतो, कोनाच्या घरानी वाटा विकला.”

सुलूताईंना ते फार आवडलं. त्यांनी ते वहीत लिहिलं.

पुढची वर्षं ज्याने त्याने पाहिलीच आहेत. बोटींना मोठी इंजिनं आली, बर्फ आला, मोठ्या बोटी आठ-आठ दिवस लांब जाऊ लागल्या, जिवल्या असायचा ती लहान बोट तेवढी रोज परतायची. जवळच्या पाण्यात मासा राहिला नाही, आणि जो राहिला त्याला कारखान्यांच्या पाण्याचा वास येऊ लागला. मोठा माल बंदरातूनच ट्रकमध्ये चढून परदेशी जाऊ लागला. गोजरा पाटी घेऊन येत राहिली, पण पाटीत बर्फातली मासळी असायची. फक्त तळाशी, ओल्या फडक्याखाली, केळीच्या पानात बांधलेली एक ताजी पुडी निघायची. “ही तुज्यासाठी वेगली ठेवली, बाय. शेजारनीला सांगू नको.” सुलूताईंना वाटायचं, माया आहे. माणसाला आपल्यावर कोणाची माया आहे असं मानायला फार पुरावा लागत नाही.

पैसे देता देता सुलूताई रोज विचारायच्या, “गोजरा, घरी काय केलंस?” आणि ती म्हणायची, “बोंबलाचं कालवन.” नाहीतर, “करंदीचं.” सुलूताई तेही लिहायच्या.

याच काळात गोजरा फुगली. एका वर्षात नाही. कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सावकाश. वह्यांत मात्र ते दिसतं. ‘गोजरा आज रिक्षाने आली.’ ‘गोजरा जिना चढताना दोनदा थांबली.’ ‘गोजराने चहात चार चमचे साखर मागितली.’ ‘गोजराची बांगडी कापावी लागली.’ आणि जे तिचं झालं ते साऱ्या मुलखाचं झालं. सालवडच्या चाळींत परगावचे कामगार दाटले, तिथे प्रत्येक दुकानावर वेफर-बिस्किटांच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. पाच रुपयांत पोट भरल्यासारखं वाटतं आणि चूल पेटवावी लागत नाही, हे गरिबाला कळायला वेळ लागत नाही. सुलूताईंच्या इमारतीतली मुलं पाचवीतच बापाच्या मापाची पँट घालू लागली. तिकडे डोंगरातल्या पाड्यांवर पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. दोन्ही बातम्या जिल्ह्याच्या एकाच पानावर यायच्या आणि दोन्हींच्या मध्ये खाद्यतेलाची जाहिरात. आता तर ज्यांच्याकडे पैसा आहे ते नाचणी खातात आणि ज्यांची नाचणी होती ते बिस्किटं खातात. पूर्वी जाड माणूस दिसला की लोक म्हणत, खाऊन-पिऊन सुखी आहे. आता जाड माणूस दिसला तर घरात काय शिजत नाही ते विचारायला हवं. पण हे शहाणपण सुलूताईंना फार उशिरा आलं.

यंदाच्या जानेवारीत मुंबईच्या एका संस्थेची मुलं इमारतीत आली. देशभरातले लोक काय खातात आणि त्यांची वजनं का वाढताहेत, याची ती पाहणी होती. सोसायटीच्या खोलीत वजनाचा काटा, उंचीची पट्टी, बोटाला टोचायची सुई. हेमांगी नावाची एक चटपटीत मुलगी टॅबवर उत्तरं भरत होती. गोजरा नेमकी पाटी घेऊन आली आणि हेमांगीला आयतीच किनाऱ्यावरची बाई सापडली.

“मावशी, काट्यावर उभ्या राहा.”

“पाटीसकट?”

“पाटी खाली ठेवा हो.”

“मंग वजन कमी भरंल ना गो!” सगळे हसले. पाटीशिवाय वजन भरलं एक्याऐंशी किलो. उंची चार फूट अकरा इंच. टोचलेल्या बोटाचा आकडा पाहून हेमांगीने पुन्हा टोचलं. साखर तीनशे बारा.

“काल दिवसभरात काय काय खाल्लंत?”

“चाय. मंग कालवन-भात. रातीला कालवन-भाकर.”

“कालवण कशाचं?”

“मांगेल्याच्या घरात कालवन कशाचं असतं? गवताचं?”

“आठवड्यातून किती दिवस मासे?”

“आठवड्यात दिस किती?”

“सात.”

“मंग सात लिव की.”

हेमांगी जराशी घुटमळली. तिने सुलूताईंकडे पाहिलं. “आजी, खरंच रोज? लोक आम्हाला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतात.”

सुलूताईंना राग आला. गोजरावर अविश्वास म्हणून थोडा, आणि वहीवर अविश्वास म्हणून जास्त. त्या वर जाऊन तीन वह्या घेऊन आल्या. “हे बघ. चव्वेचाळीस वर्षं मी हिला रोज विचारते आणि रोज लिहिते. मासळीवाचून एक दिवस दाखव.”

हेमांगी पानं उलटत राहिली. तिने फोटो काढले. “आजी, असा पुरावा आम्हाला कधी मिळत नाही,” ती म्हणाली. सुलूताई त्या दिवशी खूश होत्या. गोजरा मात्र चहा न पिताच पाटी उचलून गेली. ‘गोजराला घाई होती,’ असं त्या रात्रीच्या नोंदीत आहे.

ऑक्टोबरात शिंगाळा माशाचा काटा गोजराच्या अंगठ्यात घुसला. साखरेने पाय बधिर झालेले, त्यामुळे पाच दिवस तिला कळलंच नाही. कळलं ते वासाने. अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. आणि आता तीन आठवड्यांची मुदत होती.

सुलूताईंनी पदर खोचला. एक दिवसाआड गोजरा पट्टी बदलायला बोईसरला यायची, भाग्येश तिला मोटरसायकलवर मागे बसवून आणायचा. पट्टी झाली की ती सुलूताईंकडे टेकायची. सुलूताई तक्ता समोर धरून बसायच्या.

“काल सकाळी?”

“चाय. बिनसाखरेचा.”

“खोटं.”

“एक चमचा. आईशपथ, एकच.”

“दुपारी?”

“कालवन आनि वाइच भात. तुजी नाचनीची भाकर पन खाल्ली. मेली, घशात भुसा भरल्यावानी वाटते.”

“मासे किती?”

गोजरा खिडकीबाहेर बघायची. “होते की. चार-पाच बोंबील.”

सुलूताई लिहायच्या. बोंबील चार-पाच. डॉक्टरांनी तक्त्यात मासळीखाली लाल रेघ ओढली होती. जखमेवर मांस चढायचं तर अंगाला तेच हवं, म्हणाले होते. अंडी-दुधाचं त्यांनी विचारलं तेव्हा सुलूताईच पुढे होऊन बोलल्या होत्या, “डॉक्टर, त्याची काळजी नको. हिच्या घरी रोज मासळी असते.” डॉक्टरांनी मान हलवली आणि इन्सुलिनचं माप तेवढं वाढवलं.

पंधरा दिवस झाले. साखर थोडी उतरली. जखम होती तशी राहिली, नंतर कडेने काळी पडू लागली. गोजरा पहिल्यासारखी बोलेना. एकदा ती म्हणाली, “बाय, पाय गेला तर पाटी घेऊन जिना चढता येनार नाय ना गो?” सुलूताई म्हणाल्या, “पाय जाणार नाही. तू नीट खातेस.” त्यावर ती हसली. ते हसणं वहीत नाही, कारण हसण्याची नोंद सुलूताई करत नसत.

एकोणीस तारखेला रक्ताचा सविस्तर अहवाल आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. “बाई, हिच्या रक्तात प्रथिनं फारच कमी आहेत. इतके मासे खाणाऱ्या बाईच्या रक्ताचा अहवाल असा येत नाही. तुम्ही स्वतः पाहिलंत का, काय खाते ते?”

“मी लिहिते ना रोज.”

“लिहिता. पाहिलंत का?”

सुलूताईंनी अहवालाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी, कोणाला न कळवता, जेवणाच्या वेळेला त्या रिक्षाने नवापूरला गेल्या. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. गोजराच्या घरात पुढच्या खोलीत ती खाटेवर होती, पाय उशीवर. आत तिची सून नलू ताटं घेत होती. नलू औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पुड्या भरायच्या कामाला, दुसऱ्या पाळीला. सुलूताईंना पाहून तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. घाईत ठेवलेलं झाकण लपत नाही.

सुलूताई आत गेल्या. बोर्डिंगच्या शिस्तीत वाढलेल्या बाईने दुसऱ्याच्या घरातलं झाकण आयुष्यात उचललं नव्हतं. त्यांनी ते उचललं. लालभडक कालवण होतं. वर तेलाचा तवंग. हळद, तिखट, चिंच, ठेचलेला लसूण, वासाला जवळ्याची चिमूट. सुलूताईंनी पळी घेतली आणि तळापासून ढवळलं. एकदा, दोनदा. मासा नव्हता. शेजारी मोठं पातेलं भरून भात होता. कोपऱ्यात गोणी होती, तिच्यात तुटकी बिस्किटं. कारखान्यातून कामगारांना स्वस्तात मिळणारी. नलूची मुलगी जागृती, तेरा वर्षांची, पांढऱ्याफटक ओठांची, ती मूठभर घेऊन चहात बुडवत होती.

“आज मासली गावली नाय, काकी,” नलू म्हणाली.

खाटेवरून गोजरा ओरडली, “खोटं कशाला बोलतेस गो नलू? आजचं काय सांगतेस? सांग तिला, रोजचं सांग!”

सुलूताई पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. “गोजरा, भाग्येश बोटीवर जातो. वाटा येतो ना घरी?”

“येतो.”

“मग तो जातो कुठे?”

“तुज्या पोटात जातो, बाय.”

नलूने दार लोटून घेतलं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

गोजरा आता थांबणार नव्हती. “बर्फातली मासली घेऊन दारात गेले तर कोन घेतं? तुमाला ताजी पायजे. वीस-बावीस वरसं झाली, आमच्या बायकांच्या पाटीला ताजं काय उरलंच नाय. सगला ट्रक गिलतो. ताजा एकच मासा घरात येतो, वाट्याचा. तो पाटीच्या बुडाशी घातला म्हनून तुजं दार राहिलं, तिसऱ्या माल्यावरल्या बायचं राहिलं, त्या बँकेतल्या सायबाचं राहिलं. पयल्या दिशी विकला ना, तवा घरी येऊन वकले मी. सांगायचं कोनाला? गावाला सांगू, मी वाटा विकते? बोट रिकामी आली की माज्याच दारात येतील. जिवल्या मरेपातुर बोलला नाय माज्याशी सरल तोंडानी.”

“मला सांगायचंस!”

“तुला सांगून? घेतली नसतीस? मंग दुसरं दार बगितलं असतं मी. आनि तू रोज इचारायचीस, गोजरा, घरी काय केलंस. मी काय सांगू? तुज्या घरी जां शिजनार तां माज्या घरी नाय शिजलं, असं? म्हनून तुज्या पुडीत जो मासा असायचा ना, त्याच माशाचं नाव सांगायचे. तेवडीच माजी फजिती कमी.”

सुलूताई त्या खाटेच्या कडेला बसल्या. “पण आता? आता तुझा पाय... डॉक्टरांनी सांगितलं होतं गोजरा, मासे खा म्हणून. आता तरी तो वाटा तू—”

“आता नलू फिरते कामाआधी. गिऱ्हाइक सुटलं का सुटलं. पाय बरा झाला की मना पाटी घ्यायची हाय.”

“कालची मांदेली,” सुलूताई म्हणाल्या.

“हां. तुला आवडते ना.”

यात टोमणा होता की नाही ते सुलूताईंना कळलं नाही. नसता तर जास्त लागला असता, आणि बहुतेक नव्हताच.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढवून घेतली. दुपारभर वह्या उघडून बसल्या. ‘गोजराने बोंबील दिले, ताजे. ह्यांनी तीन खाल्ले. गोजराकडे आज बोंबलाचं कालवण.’ ‘गोजराने करंदी दिली. गोजराकडे आज करंदीचं.’ ‘चिंबोरी दिली. गोजराकडे चिंबोऱ्या.’ पानोपानी तेच. एकाच दिवशी, एकच मासा, दोन घरांत. एवढी टापटीप नोंद, आणि लिहिणारीच्या डोळ्यांना ते दिसलं नाही. वामनरावांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं होतं, तेव्हाच्या महिन्यात रोज मांदेलीचं पातळ कालवण होतं. गोजरा म्हणायची, सायबाला दे, ताकद येईल. त्याच महिन्यात एका ओळीत लिहिलं होतं, ‘गोजराला आज पाटी उतरवताना भोवळ आली. साखर-पाणी दिलं.’

सुलूताईंनी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, “आता अंडी सुरू करा, पावडर देतो ती द्या. पण बाई, पाच दिवस राहिले. हे वरातीमागून घोडं आहे.”

पाचही दिवस सुलूताई सकाळी उकडलेली अंडी घेऊन नवापूरला गेल्या. गोजरा एक खायची आणि एक उशीखाली ठेवायची, जागृतीसाठी. सुलूताईंनी पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून चार नेली, तर गोजराने दोन ठेवली. तिला ओरडण्याचा अधिकार आपल्याला उरलाय का, हे सुलूताईंना ठरवता येईना, म्हणून त्या ओरडल्या नाहीत. काळेपणा घोट्यापर्यंत चढला. सत्तावीस तारखेला पालघरच्या इस्पितळात पाय काढला. घोट्याच्या वरून ठरला होता, निघाला गुडघ्याच्या खालून.

दुसऱ्या दिवशी सुलूताई डबा घेऊन गेल्या. पहाटे बाजारात जाऊन स्वतः बोंबील आणले होते, स्वतः साफ केले होते. वॉर्डात गोजरा भिंतीकडे तोंड करून होती. पांघरूण एका बाजूला सपाट होतं.

“गोजरा, ऊठ. बोंबलाचं कालवण आणलंय.”

तिने डबा हुंगला. “कुटला हाय?”

“बाजारातला.”

“तीन दिसाचा हाय. फसवली तुला.” तिने एक घास घेतला, चावला, गिळला. मग डबा सरकवला. “भात नाय आनला?”

“भात तुला चालत नाही.”

“आता कशाला नाय चालत गो?” ती म्हणाली. “एक पाय तर दिला.”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. गोजराही हसली, आणि हसता हसता तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. तो तिने बराच वेळ खाली केला नाही. बाहेर भाग्येश उभा होता. सुलूताई त्याला म्हणाल्या, “उद्यापासून माझ्याकडे मासळी पाठवू नका. वाटा घरात शिजवा.” तो नम्रपणे म्हणाला, “काकी, तुमी नाय घेतली तर तिसऱ्या मजल्यावर जास्त जाईल. तेवडंच.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

हेमांगीच्या संस्थेचा अहवाल दोन महिन्यांपूर्वीच सुलूताईंच्या फोनवर येऊन पडला होता. तो त्यांनी आता वाचला. इंग्रजी सफाईदार होतं. किनाऱ्यावरच्या स्त्रिया रोज पुरेशी मासळी खातात, तरीही त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह झपाट्याने वाढतो आहे, म्हणून त्यांना आहारावर संयम शिकवण्याची गरज आहे, असा त्यात निष्कर्ष होता. खाली तळटीप होती: एका गिऱ्हाइकाच्या दीर्घकाळच्या दैनंदिनीवरून माहितीची खातरजमा केली आहे.

सुलूताईंनी हेमांगीला पत्रासारखा लांब मजकूर लिहिला. कालवणाच्या वाट्याची रीत लिहिली, पुडीचं लिहिलं, पातेलं ढवळलं ते लिहिलं. दैनंदिनी खोटी आहे, कृपा करून ती ओळ काढा, असं लिहिलं. उत्तर तिसाव्या तारखेला, रविवारी दुपारी आलं. ‘आजी, वाचून खूप वाईट वाटलं. पण आकडेवारी बंद झालीये, आता बदल करता येत नाही. पुढच्या फेरीत मावशींना नक्की पुन्हा भेटू. काळजी घ्या.’ पुढे हात जोडलेलं चित्र.

सुलूताईंनी फोन पालथा ठेवला. आज काय शिजलं, ही ओळ त्यांनी त्या दिवशी घातली नाही, सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं:

तांदळाला पोरकिडे झाले होते, तांदूळ गच्चीवर उन्हात घातले. पाच वाजता चाळून डब्यात भरले.